काळ्या कातळाचे दप्तर

जुन्या दप्तरातील रुमाल सोडताना संशोधकाला कधीकधी असा अनुभव येतो की, एका सालाची जमाबंदी शाबूत हाती लागते आणि पुढल्या चार सालांचे कागद मात्र वाळवीच्या पोटात गेलेले असतात. मग त्या सालांत दुष्काळ पडला होता की कारकूनच परागंदा झाला होता, याचा निवाडा कोणी करावा? सोलापूरच्या भूमीचे दप्तरही याच जातीचे आहे. फरक इतकाच की, येथे गहाळ झालेल्या सालांची मोजदाद कोटींत करावी लागते.

शहराच्या आसपास कोठेही विहीर खोदावयास घेतली, तर वरची काळी माती सरते, मुरूम लागतो, आणि त्याखाली पहारीला दाद न देणारा काळा कातळ सुरू होतो. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूमीच्या भेगांतून थरावर थर वाहिलेल्या शिलारसाचा हा कातळ. मंगळवेढ्याच्या ज्वारीला पोसणारी माती त्याचीच झीज होऊन बनली. या कातळात ट्रायलोबाइट हा प्राचीन जीव शोधू जाणे म्हणजे इंग्रजी अमदानीच्या खतावणीत सातवाहनांचा शिक्का शोधण्यासारखे आहे, कारण हा रस वाहू लागला तेव्हा तो प्राणी नामशेष होऊन १८ कोटींहून अधिक वर्षे लोटली होती.

विंचू, खेकडा, गोम यांच्याच विशाल संधिपाद कुळातील हा समुद्रवासी जीव सुमारे ५२ कोटी वर्षांपूर्वी अवतरला आणि २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वीच्या महासंहारात संपला. तेवढ्या अवधीत त्याने २० हजारांहून अधिक जाती मागे ठेवल्या. पाठीचे उभे तीन भाग पडलेले, म्हणून हे नाव. डोळ्यांची भिंगे चक्क कॅल्साइट या खनिजाची. आणि संकट ओढवले की आमच्या बांधावरचा पैसा नावाचा किडा जसा अंगाचे वेटोळे करून पडतो, तसे यांतील कित्येक जण अंग मुडपून घेत. वाढताना तो वारंवार कात टाकी, त्यामुळे एकाच प्राण्याचे अनेक अवशेष दगडात उतरले. उत्तरेत या जीवाची दप्तरे शाबूत आहेत. पंजाबातील मिठाच्या डोंगररांगेतील ट्रायलोबाइटांचे वर्णन रेडलिक या पंडिताने १८९९ मध्ये प्रसिद्ध केले, आणि एका प्रजातीला पुढे त्याचेच नाव मिळाले. हिमालयातील स्पितीची पाहणी हेडन याने केली, तर तेथील जीवाश्मांचा ग्रंथ रीड याने १९१० मध्ये सिद्ध केला.

मग सोलापूरच्या कातळाखाली काय आहे? याचे उत्तर एका दारुण प्रसंगाने मिळवून दिले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर जिल्ह्यातील किल्लारी भूकंपाने उद्ध्वस्त झाली, आणि त्यानंतर कारणमीमांसेसाठी तेथे ६१७ मीटर खोल भोक पाडण्यात आले. ३३८ मीटर काळा कातळ, त्याखाली अवघा ८ मीटर गाळाचा थर, आणि त्या पातळ थराखाली एकदम सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वीचा स्फटिकमय पाषाण! एवढ्या प्रचंड अवधीच्या नोंदी येथे लिहिल्याच गेल्या नाहीत, की लिहून झाल्यावर पाण्यावाऱ्याने धुऊन नेल्या, हा वाद ज्याचा त्याने घालावा. ट्रायलोबाइटाची सनद मात्र आमच्या पदरी नाही, एवढे खरे.

तथापि त्याच्या कुळाचा मागमूस या कातळात अगदीच नाही, असे समजणे अन्यायाचे होईल. शिलारसाचा एक लोट थिजला आणि दुसरा यावयाचा होता, त्या मधल्या विसाव्यात तळी साचली, आणि त्यांच्या गाळात बाजरीच्या दाण्याहूनही लहान, दोन शिंपल्यांच्या संपुटात राहणारे संधिपाद जीव पुरले गेले. मद्रास फौजेतील माल्कमसन नामक वैद्याने निर्मळच्या डोंगरातून आणलेल्या अशा जीवांना सोवर्बी याने १८४० मध्ये 'सायप्रिस' या प्रजातीत नोंदवून घेतले. मुंबई बेटावरील खडकांतून, जेथे वरळीचे अश्मीभूत बेडूक आधीच गाजले होते, तेथून कार्टर या दुसऱ्या वैद्याने १८५२ मध्ये त्यांची आणखी खबर दिली. फौजेच्या मुक्कामात जखमा बांधणाऱ्या माणसांना या कणांकडे पाहावयास फुरसत मिळाली, याचे मला राहून राहून नवल वाटते. पुढे गुलबर्ग्याच्या मुलखातील गुरमटकलकडेही असे जीव सापडले. म्हणजे आमच्या सरहद्दीपलीकडे, रेल्वेच्या थोड्याशा प्रवासावर.

या सर्वांत स्टीफन हिस्लॉप या नागपूरच्या स्कॉटिश मिशनऱ्याची योग्यता विशेष. सहकारी हंटर याच्यासह त्याने टाकळीचे जीवाश्म उजेडात आणले, आणि चंद्रपूरकडील मांगलीच्या खडकातून मिळालेल्या शिंपलेधारी संधिपादाला जोन्स याने १८६२ मध्ये 'एस्थेरिया मांगालिएन्सिस' हे नाव दिले. लगेच पुढल्या वर्षी, ४ सप्टेंबर १८६३ रोजी, टाकळघाटची प्राचीन दफनवर्तुळे पाहून परतताना रात्री पुराने भरलेल्या ओढ्यात हिस्लॉप बुडाला.

मांगलीचा तो जीव आमच्या कातळाहून पुष्कळच जुना. पण त्याचे भाऊबंद अद्याप हयात आहेत, आणि त्यांची रीत अवर्षणग्रस्त मुलखाला शोभेल अशी आहे. पावसाच्या तात्पुरत्या डबक्यात ते जन्मतात, काही आठवड्यांत संसार उरकतात, आणि पाणी आटले की त्यांची अंडी तळच्या मातीत वर्षानुवर्षे कोरडी पडून राहतात. मृगाची एखादी दमदार सर कोसळून डबके भरले की दोन-चार दिवसांत त्या मातीतून पुन्हा वळवळ सुरू होते, आणि गुरे पाण्यावर नेणारी पोरे त्याकडे ढुंकूनही न पाहता त्यातून पाय आपटीत जातात.