स्वच्छमंडलदाह, सूक्ष्मजंतुजन्य
बुबुळावरील पारदर्शक पडद्याला, म्हणजे स्वच्छमंडलाला, जंतुसंसर्गाने होणारा दाह व व्रण. भाताचे कुसळ किंवा उसाचे पाते लागून पडलेला ओरखडाही त्याला पुरतो. व्रण भरला तरी मागे फूल, म्हणजे पांढरा डाग, राहते. न्यूमोकॉकस, स्टॅफिलोकॉकस व स्यूडोमोनास हे नेहमीचे जीवाणू, आणि त्यांतले बरेच आता फ्लुरोक्विनोलोन गटातील प्रतिजैविक थेंबांना दाद देत नाहीत. यावर आक्षेप असा, की ‘प्रतिरोधी’ हा प्रयोगशाळेचा शेरा रक्तातील औषधाच्या पातळीवरून ठरतो. दर तासाला थेंब घातल्यास स्वच्छमंडलात औषध त्या पातळीच्या कितीतरी पट साचते. आक्षेप खरा, पण अर्धाच: जंतू रोखायला लागणारी मात्रा जितकी जास्त, तितका व्रण सावकाश भरतो, असे आढळले आहे. शिवाय 2023 मध्ये अमेरिकेत दूषित कृत्रिम अश्रूंमधून कार्बापेनेम या राखीव प्रतिजैविकालाही न जुमानणारा स्यूडोमोनास पसरला आणि काहींची दृष्टी कायमची गेली.

भारतात गुंता वेगळाच. येथील व्रणांत फ्युजेरियम, ॲस्परजिलस या बुरशींचा वाटा मोठा. त्यांवर प्रतिजैविक चालतच नाही, नेटामायसिन हे बुरशीनाशक लागते. दुकानातून परस्पर आणलेला स्टेरॉइडमिश्रित थेंब तर बुरशीला रानच मोकळे करून देतो. म्हणून नव्या, महागड्या प्रतिजैविकाआधी व्रण खरवडून, काचपट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकून बुरशीचे तंतू शोधणे अधिक मोलाचे. त्याला काही मिनिटेच लागतात.