लेकुरवाळा बंदी आणि धम्माचा न्याय

मावळ तालुक्यातील नवलाख उंबरे हे गाव एका अर्थाने दोन काळांच्या मध्ये वसलेले आहे. त्याच तालुक्याच्या पश्चिम भागात कार्ले, भाजे आणि बेडसे येथील लेणी आहेत, तर तळेगाव ओलांडून पुण्याच्या दिशेने गेले की देहूरोड लागते. या देहूरोडच्या विहारात २५ डिसेंबर १९५४ रोजी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी रंगूनहून आणलेली बुद्धमूर्ती स्वहस्ते स्थापन केली. एकीकडे दोन सहस्र वर्षांपूर्वीचा धम्म डोंगरात कोरलेला, दुसरीकडे आपल्या काळात पुन्हा उभा राहिलेला धम्म. कार्ल्याच्या चैत्यगृहातील लेखांत यवनांची नावे आहेत, दार घडविणाऱ्या सुताराचे नाव आहे, भिक्षुणीचे नाव आहे. दान देणाऱ्या सामान्य माणसाचे नाव तेथे दगडाने जपले. ज्यांच्या हातून अपराध घडला त्यांची नावे मात्र कोणतेही लेणे जपत नाही. ती न्यायालयाच्या दप्तरात राहतात आणि गावाच्या जिभेवर राहतात.

अशा माणसांविषयी, आणि त्यातही ज्यांच्या पदरी लहान लेकरू आहे अशा तरुण आईबापांविषयी धम्माची भूमिका काय, हा प्रश्न आम्हाला केवळ तात्त्विक वाटत नाही. उद्या नवलाख उंबऱ्यातला किंवा कोणत्याही गावातला एखादा तरुण बाप शिक्षा भोगून घरी परतला, तर तो कोणाच्या ओसरीवर बसणार? त्याच्या मुलाला शाळेत कोणत्या नावाने हाक मारली जाणार? या प्रश्नाचे उत्तर आपल्या इतिहासात तीन ठिकाणी सापडते: सम्राट अशोकाच्या शिलालेखात, विनयपिटकात आणि महात्मा जोतीराव फुले यांच्या पुण्यातील घरात.

अशोकाचा बंदी

अशोकाच्या चौदा शिलालेखांपैकी पाचव्या लेखात धम्ममहामात्र या अधिकाऱ्यांची माहिती येते. राज्याभिषेकाला तेरा वर्षे झाल्यावर आपण हे अधिकारी प्रथमच नेमले, असे सम्राट सांगतो. यवन, कंबोज, गांधार, राष्ट्रिक, पितिनिक आणि अपरांतातील इतर लोक यांच्यात त्यांनी काम करावयाचे होते. म्हणजे आपला पश्चिमेकडील प्रदेशही त्यांच्या कार्यकक्षेबाहेर नव्हता. मुंबईजवळच्या सोपाऱ्यास याच मालिकेतील आठव्या व नवव्या लेखांचे तुकडे मिळाले आहेत, हे वाचकांस ठाऊक असेल.

या महामात्रांच्या कामांत एक काम बंदिवानांसंबंधीचे आहे. बंधनात पडलेल्यास साहाय्य करणे, त्याची जाच-अडचण दूर करणे आणि त्याची सुटका करणे हे ते काम. सुटकेचा विचार करताना कोणाकडे पाहावे, हेही लेख सांगतो. ज्याच्या मागे लेकरेबाळे आहेत तो पहिला. दुसऱ्या कारणाच्या शब्दाचा अर्थ विद्वानांनी वेगवेगळा लावला असला, तरी तो कोणत्या ना कोणत्या प्रकारे पीडित झालेल्या माणसाचा निर्देश करतो. तिसरा वृद्ध.

येथे थोडे थांबून विचार केला पाहिजे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात एक राजसत्ता आपल्या अधिकाऱ्यांना सांगते आहे की, बंदीकडे पाहताना त्याच्या अपराधाबरोबरच त्याच्यामागे उभ्या असलेल्या मुलाकडेही पाहा. मनुस्मृतीने पुढे एकाच अपराधाला वर्णपरत्वे वेगवेगळी शिक्षा सांगितली. अशोकाच्या लेखात वर्ण हा सवलतीचा आधार नाही. आधार आहे तो माणसाच्या स्थितीचा: पदरी लेकरू आहे, पीडा आहे, वार्धक्य आहे.

अशोकाने तुरुंग मोडून टाकले नाहीत आणि देहदंडही रद्द केला नाही. हे सत्य झाकून त्याचा गौरव करणे इतिहासाला धरून होणार नाही. परंतु चौथ्या स्तंभलेखात त्याने देहदंड झालेल्यांना तीन दिवसांची मुदत दिली, जेणेकरून नातेवाइकांना त्यांच्या जीवितासाठी विनवणी करता यावी. पाचव्या स्तंभलेखात, अभिषेकापासूनच्या सव्वीस वर्षांत पंचवीस वेळा बंदिमोचन केल्याची नोंद आहे. दंड हा राज्याचा शेवटचा शब्द नाही, ही कल्पना या लेखांनी शासनव्यवहारात आणली.

अंगुलिमालाचे पुढचे आयुष्य

अशोकाने ही दृष्टी कोठून घेतली, हे शोधताना आपण तथागतांपर्यंत येतो. मज्झिमनिकायातील अंगुलिमालसुत्त आपल्या विहारांत अनेकदा सांगितले जाते. पण ते बहुधा अर्धेच सांगितले जाते. दरोडेखोर शरण आला, भिक्षू झाला, कथा संपली. सुत्तात मात्र खरी कथा तेथून पुढे आहे.

कोसलचा राजा पसेनदी पाचशे घोडेस्वार घेऊन त्याला पकडण्यास निघाला होता. तो भगवंतांजवळ आला असता त्याच माणसाला त्याने चीवर पांघरून बसलेले पाहिले. जे काम आम्हाला दंडाने व शस्त्राने करता आले नाही ते आपण त्यांवाचून केले, अशा आशयाची कबुली राजाने दिली. यानंतर भिक्षाटनास गेलेल्या अंगुलिमालाला प्रसववेदनांनी अडलेली एक स्त्री दिसली आणि त्याचे हृदय कळवळले. भगवंतांनी त्याला त्या स्त्रीकडे जाऊन सत्यवचन उच्चारावयास सांगितले. आर्यजन्म घेतल्यापासून आपण जाणूनबुजून कोणाचा प्राण घेतला नाही, हे ते सत्य. आई आणि बाळ सुखरूप राहिली. ज्या हातांनी माणसे मारली त्याच माणसाचे वचन एका नवजात जिवाच्या कामी आले, यात सुत्तकारांनी फार मोठा अर्थ भरला आहे.

तरीही लोक विसरले नाहीत. भिक्षेला गेलेल्या अंगुलिमालावर दगड, काठ्या, खापऱ्या पडल्या. तो रक्तबंबाळ होऊन परतला. भगवंतांनी त्याला सहन करावयास सांगितले. लोकांना दोष दिला नाही. ज्यांची माणसे मारली गेली त्यांच्या दुःखाला धम्माने खोटे ठरविले नाही. विनयाच्या महावग्गात तर असे दिसते की, कुप्रसिद्ध चोरास आणि तुरुंग फोडून आलेल्यास प्रव्रज्या देऊ नये, असे नियम लोकांची भीती व टीका लक्षात घेऊन पुढे करण्यात आले. चीवर हे शिक्षा चुकविण्याचे साधन नव्हे, हे संघाने स्पष्ट केले. परिवर्तनाचा मार्ग खुला आहे, परंतु तो अपराधाच्या परिणामांना वळसा घालून जात नाही.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पतित व गुन्हेगार यांच्या धम्मदीक्षेसाठी स्वतंत्र भाग ठेवला आणि त्यात अंगुलिमालाला स्थान दिले. समाजाने ज्यांना जन्मानेच अपराधी ठरविले होते, अशा जमातींची दैना त्यांनी जवळून पाहिली होती. गुन्हेगार जमाती कायद्याखाली या प्रांतातही माणसांना तारांच्या कुंपणात ठेवले गेले. तो कायदा रद्द होण्यास १९५२ साल उजाडावे लागले. माणूस बदलू शकतो, हे विधान अशा व्यवस्थेत बंडाचेच विधान होते.

काशीबाई

आता आपण पुण्यात येऊ. बेहरामजी मलबारी यांनी बालविवाह व सक्तीचे वैधव्य यांवर टिपणे प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांवर आपले मत देताना ४ डिसेंबर १८८४ रोजी महात्मा फुल्यांनी एक घटना लिहून ठेवली. त्यांचे स्नेही सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या घरी काशीबाई नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकाचे काम करीत असे. शेजारच्या एका शास्त्र्याने तिला नादी लावले. तिला दिवस गेले. त्याच्याच सांगण्यावरून गर्भ पाडण्याची औषधे घेतली गेली, ती निष्फळ झाली. मूल जन्माला आल्यावर शास्त्र्याने हात झटकले. अब्रूच्या भयाने काशीबाईने सुरीने त्या बालकाचा जीव घेतला आणि त्याला घरामागच्या विहिरीत टाकले. दोन दिवसांनी तिला अटक झाली. पुण्याच्या सत्र न्यायालयात खटला होऊन तिला जन्मठेपेची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. अंदमानची वसाहत १८५८ मध्ये सुरू झाली होती. ही तरुण आई तेथे पाठविली गेली.

या घटनेत एक बालक मारले गेले आहे. त्या बालकाला कोणी विचारले नव्हते की अब्रू कोणाची आणि किती किमतीची. म्हणून काशीबाईचा अपराध नव्हताच, असे म्हणणे आम्हास शक्य नाही, आणि फुल्यांनीही तसे म्हटले नाही. त्यांनी त्या घटनेपुढे उभे राहून दुसरे काही केले. अपराध कोणत्या कारणांच्या साखळीतून जन्मला ते त्यांनी पाहिले, आणि त्या साखळीतील जी कडी आपल्या हातात होती ती तोडली. हाच प्रतीत्यसमुत्पादाचा व्यवहार होय.

१८५६ मध्ये विधवाविवाहाचा कायदा झाला होता, पण समाजाने तो आचरणात येऊ दिला नव्हता. विधवेला पती नाही, संपत्ती नाही, आणि पुरुषाच्या अपराधाचे ओझे तिच्या एकटीच्या उदरात. अशा स्थितीत १८६३ मध्ये जोतीराव व सावित्रीबाई यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. विधवांनी गुप्तपणे यावे, बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा तेथेच ठेवावे, अशी सोय होती. सगळी जबाबदारी सावित्रीबाईंनी उचलली. १८८४ च्या त्याच लेखनात फुले सांगतात की, तोवर ३५ गरोदर विधवा तेथे येऊन बाळंत झाल्या. त्यांच्या मुलांपैकी ५ जिवंत होती, ३० दगावली. गर्भ लपविण्यासाठी आयांनी घेतलेल्या विषारी औषधांनी ती आधीच इजा पावलेली होती, असे त्यांनी कारण दिले आहे. हे आकडे त्यांनी लपविले नाहीत. मदत उशिरा पोहोचली तर काय होते, हे त्या ३० जिवांनी सांगून ठेवले आहे.

अशाच एका विधवेचे मूल १८७४ मध्ये फुले दांपत्याने दत्तक घेतले. ती माता म्हणजे अंदमानला गेलेली काशीबाई नव्हे. तिचे बाळ विहिरीतच संपले होते. दत्तक घेतलेला मुलगा यशवंत. तो पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात रुग्णांची सेवा करता करताच सावित्रीबाईंना १० मार्च रोजी मरण आले. एका आईला काळ्या पाण्याखेरीज दुसरे दार नव्हते. दुसरीला एक दार उघडे मिळाले आणि तिचे मूल वैद्य होऊन समाजात उभे राहिले. दोघींमध्ये स्वभावाचा किती फरक होता हे कोण सांगणार? दाराचा फरक मात्र उघड आहे.

दंड कोणाला?

या काळाची दुसरी साक्ष १८८१ ची आहे. सुरत जिल्ह्यातील विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेला अर्भकहत्येबद्दल सत्र न्यायालयाने फाशी सुनावली. मुंबई उच्च न्यायालयात अपील होऊन फाशी टळली, जन्मठेप झाली, आणि पुढे तीही शिक्षा कमी करण्यात आली. त्या निमित्ताने वृत्तपत्रांनी समस्त स्त्रीजातीवर जी चिखलफेक केली तिला बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून उत्तर दिले. फुल्यांनी 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली.

१ जानेवारी १८६२ पासून अमलात आलेल्या दंडसंहितेत हत्येला कलम होते, गर्भपाताला होते, मूल टाकून देण्यास होते, गुपचूप प्रेत पुरून जन्म लपविण्यासही होते. परंतु विधवेला नादी लावून, मूल होताच पाठ फिरविणाऱ्या शास्त्र्याचा तो पाठ फिरविण्याचा अपराध कोणत्या कलमात बसणार? काशीबाई अंदमानला गेली. शास्त्र्याचे तर नावही फुल्यांच्या त्या कथनात नाही.

दीघनिकायातील कूटदन्तसुत्तात राजाचा पुरोहित त्याला सांगतो की, लूटमार केवळ वध, बंधन आणि हद्दपारी यांनी थांबत नाही; जे उरतील ते पुन्हा त्रास देतील. शेतकऱ्याला बी आणि चारा द्या, व्यापाऱ्याला भांडवल द्या, सेवकाला वेतन द्या. आपापल्या कामात गुंतलेले लोक घराची दारे उघडी ठेवून, मुलांना अंगाखांद्यावर खेळवीत आनंदाने राहतील. अपराधमुक्त राज्याचे चित्र रेखाटताना तेथेही मूल आहे, हे लक्षणीय आहे.

आपल्या ओसरीवर

महाराष्ट्रात या दिशेने काही पावले पडली आहेत. औंध संस्थानात आटपाडीजवळ १९३९ च्या सुमारास स्वतंत्रपूर ही भिंतीवाचूनची बंदी-वसाहत उभी राहिली. कैद्यांनी शेती करावी, कुटुंबासह राहावे, अशी तिची रचना. १९५७ च्या 'दो आँखें बारह हाथ' या चित्रपटामागे हाच प्रयोग होता. १९५९ च्या नियमांनी संचित रजा व अभिवचन रजा यांची व्यवस्था लावली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, मातेबरोबर कारागृहात असलेल्या मुलांविषयी निर्देश दिले: सहा वर्षांपर्यंत मूल आईजवळ राहू शकते, आणि ते कैदी नव्हे, त्याला आहार, शिक्षण, वैद्यकीय मदत हक्काने मिळाली पाहिजे. अलीकडच्या वर्षांत राज्यातील कारागृहांत 'गळाभेट' या नावाने बंद्यांना आपल्या मुलांना जाळीआडून नव्हे, तर जवळ घेऊन भेटता येऊ लागले.

शासन आपले काम कमीअधिक करील. प्रश्न विहाराचा आहे. तरुण आई वा बाप तुरुंगात गेला की मागे राहिलेल्या लेकराची चौकशी करणारे पहिले माणूस विहारातले असते काय? शिक्षा संपवून परतलेला माणूस पौर्णिमेच्या वंदनेस आला तर सतरंजीवर त्याच्याभोवतीची जागा मोकळी राहते काय? अपराधाने पीडित झालेले कुटुंबही त्याच वस्तीत असेल, तर त्याच्या दुःखाजवळ आपण बसतो काय? अंगुलिमालाला संघाने घेतले, पण दगड मारणाऱ्यांनाही शत्रू मानले नाही. ही दोन्ही कर्तव्ये एकत्र पेलणे कठीण आहे, म्हणूनच ती संघाची कर्तव्ये आहेत.

आपल्या विहारात बुद्धमूर्तीशेजारी बाबासाहेबांची व जोतीरावांची प्रतिमा असते. बाबासाहेबांनी जोतीरावांना गुरू मानले. त्या गुरूने काशीबाईनंतर निबंध लिहून थांबणे पसंत केले नाही, घर उघडले. मुलाचा विचार बंदिमोचनाचे पहिले कारण म्हणून ज्या राजाने दगडात कोरविला, त्याचा वारसा आपण सांगतो. वारसा सांगणाऱ्यांच्या गावात लेकुरवाळा बंदी परत येईल, त्या दिवशी विहाराचे दार कोणी उघडावयाचे हे आधीच ठरलेले असावे.