क्ष-किरण तंत्रज्ञ

रोगनिदानासाठी शरीराच्या अंतर्भागाची क्ष-किरण चित्रे घेण्याचे शिक्षण घेतलेला व्यावसायिक. चित्राचा अर्थ लावणे हे क्ष-किरणतज्ञ वैद्याचे काम होय. रुग्णाची स्थिती, विद्युत् दाब, प्रवाह व उद्‌भासनकाल ठरविणे आणि रुग्णाला आवश्यक तेवढेच प्रारण मिळेल हे पाहणे ही तंत्रज्ञाची जबाबदारी असते.

व्हिल्हेल्म राँटगेन यांनी १८९५ मध्ये व्हुर्ट्‌सबर्ग येथे क्ष-किरण शोधून काढले व काही महिन्यांतच ते रुग्णालयांत वापरले जाऊ लागले. तेव्हा हा स्वतंत्र व्यवसाय नव्हता. छायाचित्रकार, वीजकामगार, परिचारिका असे कोणीही यंत्र चालवीत. सुरुवातीच्या नलिकांत थोडा वायू शिल्लक असे व त्याच्या दाबाप्रमाणे नलिकेचे कार्य बदले. म्हणून चालक नलिका आणि अनुस्फुरक पडदा यांच्यामध्ये स्वतःचा हात धरून हाडे कितपत स्पष्ट दिसतात ते पाही. थोडक्यात, चालकाचा हात हेच मापनाचे उपकरण होते. याची किंमत भयंकर होती. टॉमस एडिसन यांचे साहाय्यक क्लॅरेन्स डॅली यांच्या हातांवर वारंवार शस्त्रक्रिया कराव्या लागल्या व १९०४ मध्ये ते कर्करोगाने मरण पावले. एडिसन यांनी हे संशोधनच सोडून दिले. हँबर्ग येथे १९३६ मध्ये उभारलेल्या स्मारकावर अशा १६९ बळींची नावे कोरण्यात आली. त्यांत वैद्य व शास्त्रज्ञ यांच्याबरोबर तंत्रज्ञ व परिचारिकाही आहेत.

विल्यम कूलिज यांच्या तप्त ऋणाग्राच्या नलिकेमुळे (१९१३) दाब व प्रवाह यांचे स्वतंत्र नियंत्रण शक्य झाले. हाताची चाचणी अनावश्यक ठरली आणि हे कौशल्य आकड्यांच्या आधारे शिकविता येऊ लागले. पहिल्या महायुद्धात मारी क्यूरी यांनी सु. १५० स्त्रियांना असे प्रशिक्षण दिले. ब्रिटनमध्ये तंत्रज्ञांची संस्था १९२० मध्ये स्थापन झाली. निदानाचा अधिकार मात्र वैद्यांनी आपल्याकडेच राखला.

भारतात अणुऊर्जा नियामक मंडळ (स्थापना १९८३) प्रारण-सुरक्षेचे नियम ठरविते. तंत्रज्ञ शिशाच्या एप्रनाखाली छातीवर मात्रामापक बिल्ला लावतो. वार्षिक मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने २० मिलिसीव्हर्ट असून कोणत्याही एका वर्षी ३० मिलिसीव्हर्टपेक्षा अधिक मात्रा चालत नाही.

अंकीय चित्रणामुळे अंधारखोलीतील काम जवळजवळ संपले. त्याबरोबर एक जुनी खूणही गेली. फिल्मवर प्रारण जास्त पडले की चित्र काळे होई व चूक तत्काळ कळे. संगणक मात्र अशा चित्राची उजळणी सुधारून घेतो, त्यामुळे रुग्णाला मिळालेली जादा मात्रा चित्रावरून दिसत नाही. ती ओळखण्यासाठी तंत्रज्ञाला प्रत्येक वेळी यंत्रावरील उद्‌भासन निर्देशांक तपासावा लागतो.