मागे नदी आहे

आमच्या घरातल्या लोखंडी ट्रंकेत १९८१ सालच्या एका लग्नाचा अल्बम आहे. लग्न मावसबहिणीचे. अक्षता पडल्यावर वऱ्हाड देवदर्शनाला गेले आणि परतताना पंचगंगेच्या घाटावर सगळ्यांनी एक फोटो काढून घेतला. नवरानवरी मधोमध, सासरे टोपी सावरत उभे, दोन पोरे कॅमेऱ्याकडे न बघता भलतीकडे बघताहेत. मागे नदी. आणि त्या फोटोतले नदीचे पाणी लालसर आहे.

हा फोटो मी २०१३ साली एका वाचनालयाच्या सभागृहात पडद्यावर दाखवला होता. इचलकरंजीची नदी कधी बिघडली, हा माझ्या भाषणाचा विषय. १९८१ सालीच रंगकामाचे पाणी घाटापर्यंत आले होते, त्याचा हा डोळ्यांनी दिसणारा पुरावा, असे मी ठासून सांगितले. टाळ्या पडल्या. मग मागच्या रांगेतून एक वृद्ध गृहस्थ उठले. चाळीस वर्षे फोटो स्टुडिओ चालवलेला माणूस. म्हणाले, "पाणी राहू द्या हो. नवरीच्या हातातला चुडा कुठल्या रंगाचा दिसतोय, तेवढं सांगा."

चुडा तपकिरी दिसत होता.

आपल्याकडे नवरीच्या हातात तपकिरी चुडा कोणी भरत नाही. त्या काळच्या रंगीत छपाईच्या कागदात तीन रंगद्रव्यांचे थर असत: पिवळा, किरमिजी आणि आकाशी. त्यांतला आकाशी ट्रंकेच्या अंधारातसुद्धा आधी उडतो. तो उडाला की हिरव्याचा तपकिरी होतो, निळ्या शालूचा मातकट होतो आणि नदी लाल होते. मी पुरावा म्हणून जो दाखवला तो नदीचा रंग नव्हता, कागदाचे म्हातारपण होते. सभागृह हसले. मीही हसलो, पण त्या रात्री झोप लागली नाही.

एवढा उतावळेपणा का केला, तेही सांगायला हवे. २०१२ च्या उन्हाळ्यात गावात काविळीची साथ आली. हजारो लोक आजारी पडले, काही दगावले. आमच्या घरात दोघांना झाली. पुतण्या बरा झाला, आई गेली. तेव्हापासून 'कधीपासून' हा एकच शब्द माझ्या डोक्यात बसला. ज्याला विचारावे तो दुसऱ्याकडे बोट दाखवी. वरून कोल्हापूरचे सांडपाणी येते, मळी येते, रंगकामाचे पाणी येते, गावोगावचे गटार येते. सगळे खरे, आणि सगळे मिळून कोणाचेच नाही. मी बारावी शिकलेला, सायझिंगमध्ये दिवाणजी म्हणून आयुष्य गेलेला माणूस. हिशेबाच्या वहीत तारीख नसलेली नोंद मला सहन होत नाही, आणि नदीच्या वहीत तारीखच नव्हती.

इथला इतिहास लिहिणारांची नजर साहजिकच मागांवर राहिली. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथे पहिला यंत्रमाग बसवला, जहागीरदार नारायणराव घोरपडे यांनी उद्योगाला हात दिला, हे आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही पाठ असते. माग किती, सूत कुठले, बाजार कुठला, याचे कागद सापडतात. त्याच काळात नदी कशी होती, याचे कागद जवळजवळ नाहीत. अधूनमधून एखादे नाव सापडते. गावातून नदीकडे जाणाऱ्या एका ओढ्याला लोक 'काळा ओढा' म्हणतात. नाव हीसुद्धा नोंदच, पण तिच्यावर तारीख नाही.

तारीख असते ती लग्नाला, बारशाला, गणपती विसर्जनाला. म्हणून मी अल्बमांकडे वळलो. राजवाडे वाड्यावाड्यांतून दप्तरे गोळा करीत हिंडले. मी गावभागात आणि नदीवेशीकडे घरोघर फिरून अल्बम, व्हिडिओ कॅसेटी, टेपच्या कॅसेटी मागू लागलो. बरोबरी करत नाही. पण त्यांना दरवाजात जशी उत्तरे मिळाली असतील, तशीच बरीचशी मलाही मिळाली.

रंगावर विश्वास नाही, हे ठरल्यावर काय बघायचे? पहिली गोष्ट पायऱ्या. घाटाची पायरी दगडाची, जागची हलत नाही. फोटोत किती पायऱ्या उघड्या आहेत हे मोजले आणि लग्नाची तारीख मिळाली, तर त्या दिवशीची पाण्याची पातळी मिळते. ही काही माझी अक्कल नाही. व्हेनिसमध्ये कामुफ्फो नावाच्या शास्त्रज्ञाने अठराव्या शतकातल्या कानालेत्तोच्या चित्रांवरून हेच केले. कानालेत्तो अंधाऱ्या पेटीतून भिंगाने पडणारी प्रतिमा गिरवून चित्रे काढी, त्यामुळे वाड्यांच्या भिंतींवरची शेवाळाची हिरवी रेघसुद्धा त्याच्याकडून नेमकी उतरली. ती रेघ आणि आजची रेघ यांत सुमारे ६० सेंटिमीटरांचे अंतर भरले. चित्रकाराला शेवाळाचे काही पडले नव्हते. त्याने ते काढले, कारण ते तिथे होते.

आपल्याकडे याहून सुंदर खूण आहे ती नृसिंहवाडीला, जिथे पंचगंगा कृष्णेला मिळते. पुराचे पाणी दत्तमंदिरात शिरून पादुकांवरून वाहत दक्षिण दरवाजाने बाहेर पडते, तो दक्षिणद्वार सोहळा. भाविकांना ती स्नानाची पर्वणी. मला त्यात एक पक्की उंची दिसते. पादुका जागच्या हलत नाहीत, पाणी दरवाजातून वाहिले म्हणजे अमुक उंचीला पोचले. सोहळ्याची बातमी वर्तमानपत्रात छायाचित्रासह येते, अलीकडे मोबाइलवर चित्रीकरण येते. कात्रणे तारखेने लावली की पावसाळ्याची एक माळच तयार होते. मात्र ती उंची संगमाची आहे, एकट्या पंचगंगेची नव्हे. कृष्णा तुंबली की पंचगंगेलाही मागे सरावे लागते. वाडीचा पुरावा इचलकरंजीला जसाच्या तसा लावता येत नाही, हे मला दोन वर्षे वाया घालवल्यावर उमगले.

दुसरी गोष्ट माणसे. पाण्याचा रंग खोटे बोलतो, पण पाण्याजवळची माणसे काय करताहेत ते सहसा खोटे नसते. जुन्या कृष्णधवल फोटोंत घाटावर कळशी भरणारी बाई दिसते. पुढे कळश्या नाहीशा होतात. मी आनंदाने वहीत लिहिले: लोकांनी नदीचे पाणी पिणे सोडले. मग लक्षात आले की दरम्यान घरोघरी नळ आले. कळशी नळामुळे गेली की पाण्यामुळे, हे फोटो सांगू शकत नाही. (पुढे नळालाही मजरेवाडीहून कृष्णेचे पाणी आणावे लागले, तो वेगळा लेख.) कळशी बाद झाली. धुण्याचेही तेच.

उरली पोरे. पोहायला नळ चालत नाही. वऱ्हाडाच्या फोटोत कोपऱ्यात कुठे तरी जुन्या पुलाच्या बाजूने सूर मारणारा एखादा उघडा पोरगा असतो. फोटोग्राफरने त्याला टाळायचा प्रयत्न केलेला असतो आणि तो तरी आलेला असतो. ऐंशीच्या दशकातल्या माझ्याजवळच्या उन्हाळी फोटोंत असे पोरगे सहज सापडतात. नव्वदचे दशक सरताना ते विरळ होत जातात. त्यानंतरच्या फोटोंत घाट आहे, मूर्ती आहेत, निर्माल्य आहे, जलपर्णीचा हिरवा गालिचा आहे. पाण्यात कोणी नाही. जलपर्णीच्या बाबतीत रंगाची गरज पडत नाही, तिची पाने आणि तिचा पोतच ओळखू येतो.

याला पुरावा म्हणावे का? मी 'साक्ष' म्हणतो. कारण कॅमेरा कोणाकडे होता, हा प्रश्न उरतोच. कारखानदाराकडे, व्यापाऱ्याकडे, बऱ्या स्थितीतल्या घरांत. कांडीवाल्या बाईच्या घरी, जॉबरच्या घरी एखाददुसरा फोटो, तोही स्टुडिओत, मागे रंगवलेला पडदा. पडद्यावर धबधबा असतो, हंस असतात. पंचगंगा नसते.

आवाजाचे एक उदाहरण सांगतो. एका घरात आजीच्या ओव्यांची कॅसेट मिळाली. सेलवर चालणाऱ्या टेपरेकॉर्डरवर नातवाने भरलेली. पहिली काही मिनिटे ओव्यांपेक्षा शेजारच्या मागांची खटखटच जास्त. मग वीज जाते. माग एकामागून एक थांबतात आणि नदीच्या अंगाने बेडकांचा असा काही गजर सुरू होतो की आजी ओवी सोडून म्हणते, "ऐक, आला पाऊस." वीज येईपर्यंतचा तो तुकडा मी कितीदा ऐकला असेल. बेडूक नेहमीच ओरडत असणार. आमच्या गावाला ते ऐकू येण्यासाठी वीज जावी लागत होती.

आता आभाळातून काढलेल्या चित्रांचे. अमेरिकेचा पहिला लँडसॅट उपग्रह जुलै १९७२ मध्ये सुटला आणि २००८ पासून ती सगळी चित्रे फुकट मिळू लागली. हे कळल्यावर मला वाटले, आता घरोघर हिंडायची गरज संपली. पुतण्याने संगणकावर चित्रे उतरवून दिली. ऐंशीच्या दशकापासूनच्या चांगल्या चित्रांतही एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा तीस मीटरांचा चौकोन. आमची नदी त्यात दोन-तीन चौकोनांची. सूर मारणारा पोरगा त्यात कुठे दिसणार? शिवाय पावसाळ्यात, म्हणजे नेमके हवे तेव्हा, सगळे ढगच.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या पुढे गेली; तिथली धोक्याची पातळी ४३ फूट. त्या आठवड्यात ढगांतून पाहू शकणारी रडारची चित्रे युरोपच्या सेंटिनेल उपग्रहाने घेतली. रडारला संथ पाणी काळे दिसते, कारण सपाट पृष्ठभागावरून लहर पुढे निसटून जाते, परत येत नाही. शिरोळ तालुका त्यात काळा पडलेला दिसतो. पण जिथे उंच ऊस पाण्यावर डोके काढून उभा होता तिथे, आणि गावातल्या बोळांत, रडार चकते. भिंतींवर आपटून लहर परत येते आणि पाणी असूनही चित्र उजळ दिसते. नदीवेशीला लोक छातीभर पाण्यातून चालले होते. उपग्रहाच्या लेखी ती जागा कोरडी.

तिथली साक्ष मोबाइलच्या फोटोंनी दिली. ते गोळा करताना नवेच दुखणे. मूळ फोटोत तारीख, वेळ, कधी ठिकाणही दडलेले असते, पण व्हॉट्सअॅपवरून पाठवला की हे सगळे पुसून जाते. २००५ च्या पुराचे फोटो २०१९ चे म्हणून फिरले, २०१९ चे २०२१ ला फिरले. मग दुकानांच्या पाट्या वाचायच्या. पिवळ्या रंगाची एसटीडी बूथची पाटी म्हणजे फार अलीकडचे नाही. 'महानगरपालिका' लिहिलेले दिसले तर २०२२ च्या आधीचे नाही. गाडीच्या पाटीवर एमएच ०९ असेल तर १९८९ च्या मागे जाता येत नाही. मराठी माणसाची पाट्या रंगवण्याची हौस एरवी मला सोसत नाही. या कामात मी तिचा ऋणी झालो.

आणि त्याच पुराने माझे सर्वात मोठे नुकसान केले. ज्या घरांतून 'दिवाळीनंतर या, अल्बम काढून ठेवतो' म्हणाले होते, तिथे पाणी गेले. ओले अल्बम लोकांनी उन्हात वाळत घातले आणि पाने एकमेकांना कायमची चिकटली. फोटोच्या कागदावरचा सरसाचा थर ओला असताना फुगतो, वाळताना समोर येईल त्याला धरतो. ओला अल्बम वाळवायचा नसतो, थंड स्वच्छ पाण्यात पाने सुटी करायची असतात. ते लगेच जमणार नसेल तर गोठवून ठेवायचा. हे मी कुठल्याशा पुस्तिकेत वाचले होते. नऊ अल्बम एका आइस्क्रीमवाल्या मित्राच्या डीप फ्रीझरमध्ये कुल्फीच्या साच्यांशेजारी महिनाभर राहिले. त्यांतले सहा वाचले. पुराच्या खुणा पुरानेच नेल्या, असे एकाने म्हटलेले मला अजून आठवते. तो हे हसत म्हणाला होता, आणि त्याच्या लग्नाचा अल्बम वाचलेल्या सहांत नव्हता.

चुड्यावरून मला हटकणारे ते स्टुडिओवाले पुढे माझे गुरू झाले. नवरीचा चुडा, सासऱ्याची पांढरी टोपी, हळदीचा डाग, या रंग ठाऊक असलेल्या वस्तू धरून उडालेला रंग कसा परत आणायचा, हे आम्ही दोघांनी मिळून त्यांच्या नातवाच्या संगणकावर शिकलो. मावसबहिणीच्या फोटोवर तो प्रयोग केला तेव्हा चुडा हिरवा झाला आणि नदी मे महिन्यातल्या नदीसारखी, मातकट हिरवी. लालीचा मागमूस नाही. तो फोटो आता माझ्या यादीत उलट्या बाजूला आहे: १९८१, मे, घाटाजवळ पाणी रंगीत दिसत नाही. आणि ती दोन पोरे भलतीकडे का बघताहेत तेही मोठा करून पाहिल्यावर कळले. काठाशी कोणी तरी पोहत होते.

दोन वर्षांपूर्वी ते गेले. त्यांच्या निगेटिव्हच्या पेट्या भंगारात जाण्याच्या बेतात होत्या. कृष्णधवल फिल्ममधून चांदी निघते, म्हणून भंगारवाल्याला त्यांची किंमत असते. मुलाने त्या मला दिल्या. पाकिटांवर तारखा नाहीत, फक्त नवऱ्यामुलांची आडनावे आणि पाहुण्यांच्या गावांची नावे. सध्या माझे संध्याकाळचे काम तेच. आडनाव शोधत जायचे, बेल वाजवायची, निगेटिव्ह खिडकीच्या उजेडात धरून दाखवायची आणि लग्नाची तारीख विचारायची. गेल्या आठवड्यात एका आजींनी दार अर्धेच उघडले. पन्नास वर्षांपूर्वीची तारीख कशाला हवी, म्हणाल्या.

मी म्हणालो, "तुमच्या मागे नदी आहे, आजी."

त्यांनी चष्मा आणायला नातीला आत पाठवले.