राजासाठीं कीं राष्ट्रासाठीं?

नांदेडच्या सचखंड गुरुद्वारांत अरदास संपते ती सर्वांचें भलें मागून. शके १२१२ मध्यें नेवाशास पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीच्या अंतीं जें पसायदान आहे, तेंही साऱ्या विश्वासाठींच. परमार्थ आणि लोककल्याण यांची ही सांगड मराठवाड्याच्या मनाला नवी नाहीं. याच भूमींत लहानसा ख्रिस्ती समाजही नांदत आहे, आणि त्याच्या उपासनेंतही देशासाठीं व देशाच्या कारभाऱ्यांसाठीं प्रार्थना करण्याची प्रथा आहे. प्रथा दिसावयास साधी. परंतु तिच्या इतिहासांत एक अवघड प्रश्न दडलेला आहे. ही प्रार्थना कोणासाठीं करावयाची? सिंहासनावर बसलेल्या राजासाठीं, कीं ज्या लोकांत मनुष्य जन्मला त्या राष्ट्रासाठीं?

प्रथेचें मूळ ख्रिस्ताच्याही पूर्वीं सांपडतें. बाबेलांत हद्दपार झालेल्या यहुदी लोकांना यिर्मया संदेष्ट्यानें पत्र लिहिलें. ज्या परक्या नगरांत त्यांना नेण्यांत आलें होतें, त्याच नगराच्या क्षेमासाठीं त्यांनीं देवाची विनवणी करावी, असा त्याचा आशय. दानीएलाच्या ग्रंथांतील प्रार्थना निराळी आहे. आपल्या लोकांचे अपराध देवापुढें मांडतांना तो ‘ते’ असें न म्हणतां ‘आम्ही’ असें म्हणतो. पुढें पौलानें तीमथ्याला राजे व अधिकारी यांच्यासाठीं प्रार्थना करावयास सांगितलें. बादशहाला देव मानून यज्ञ करण्याचें नाकारल्यामुळें रोमन राज्यांत ख्रिस्ती लोकांवर राजद्रोहाचा ठपका येई. त्याला इ. स. १९७ च्या सुमारास कार्थेजच्या टर्टुलियननें उत्तर दिलें तें असें, कीं ख्रिस्ती बादशहाची प्रार्थना करीत नाहींत, बादशहासाठीं करितात. अशा रीतीनें राज्यकर्त्यांसाठीं आशीर्वाद आणि स्वजनांच्या वतीनें पश्चात्ताप असे दोन प्रवाह आरंभापासूनच शेजारीं शेजारीं वाहत आले.

इंग्रजी अमलाबरोबर इंग्लंडच्या चर्चचें प्रार्थनापुस्तक हिंदुस्थानांत आलें. त्यांत सकाळ-संध्याकाळच्या उपासनेंत राजाच्या नांवें प्रार्थना होती. येथील शेजाऱ्यांच्या कानीं ती पडली, तेव्हां ज्यानें धर्म सोडला त्यानें देशही सोडला, हा समज दृढ झाला. त्या समजाला अन्यायाची बाजू होती, तशी कारणांची बाजूही होती.

हा समज ज्यांनीं आपल्या आयुष्यानें खोडून काढला, त्यांत रेव्हरंड नारायण वामन टिळक अग्रगण्य होत. १८६१ सालीं जन्मलेले टिळक १८९५ मध्यें ख्रिस्ती झाले व पुढें अहमदनगर, म्हणजे आजचें अहिल्यानगर, येथें राहिले. धर्मांतरानें त्यांची देशभक्ति उणी झाली नाहीं. उलट तिनें प्रार्थनेचें रूप घेतलें. तुकोबांच्या वाटेनें आपण ख्रिस्तापाशीं पोंचलों, असें ते सांगत. अभंग व भजन या मराठी वेषांत त्यांनीं देवळाला गीतें दिलीं, आणि त्यांत हिंदुस्थानचें दुःख देवापुढें मांडलें. मिशनच्या पगाराचें पारतंत्र्यही त्यांना सहन होईना. १९१७ सालीं त्यांनीं तो पगार सोडून सातारा येथें ‘देवाचा दरबार’ स्थापला. १९१९ मध्यें त्यांचा अंत झाला.

पंडिता रमाबाई यांचा मार्ग अधिक अंतर्मुख होता. १९०५ च्या जानेवारींत केडगांवच्या मुक्तिसदनांत त्यांनीं प्रार्थनेसाठीं मुलींना बोलाविलें. आरंभीं सुमारें सत्तर जणी पुढें आल्या. जूनपर्यंत ती संख्या पांचशेंवर गेली. मागणें होतें तें हिंदुस्थानांतील सर्व ख्रिस्ती लोकांचें, स्वतःसुद्धां सर्वांचें, खरें परिवर्तन व्हावें हें. दुसऱ्याच्या सुधारणेची याचना आपल्यापासून आरंभावी, हा दानीएलाचाच धडा तेथें गिरविला गेला. त्याच वर्षीं बंगालची फाळणी झाली, स्वदेशीची लाट उसळली, आणि २५ डिसेंबरला श्रीरामपूर येथें देशी माणसें व देशी पैसा यांवर चालणारी राष्ट्रीय मिशनरी संस्था स्थापन झाली. तिच्या संस्थापकांपैकीं अझारिया १९१२ मध्यें डोर्नकलचे बिशप, म्हणजे अँग्लिकन चर्चचे पहिले भारतीय बिशप, झाले. डोर्नकल निजामाच्याच राज्यांत होतें.

नांदेड-लातूरकडील प्रजेपुढें तर हा प्रश्न दुहेरी होता. हैदराबादेस निजाम, आणि निजामावर इंग्रज सार्वभौम. राष्ट्राचें नांव घेणेंच तेथें अपराध ठरे. १९३८ सालीं औरंगाबादच्या कॉलेजांत व उस्मानिया विद्यापीठांत वसतिगृहाच्या प्रार्थनेंत ‘वंदे मातरम्’ म्हणण्यास बंदी झाली आणि विद्यार्थ्यांनीं सत्याग्रह केला. राष्ट्रासाठीं केलेली प्रार्थना कोणत्याही धर्माची असो, राजासाठीं केलेल्या प्रार्थनेहून ती किती भिन्न असते, हें त्या प्रसंगानें सिद्ध केलें.

१५ ऑगस्ट हा कॅथॉलिक पंथांत मरियामातेच्या स्वर्गारोहणाचा सण. १९४७ पासून त्या दिवशीं सणाच्या उपासनेला राष्ट्रासाठीं प्रार्थनेची जोड मिळाली. नांदेड व लातूर मात्र त्या वर्षीं स्वतंत्र भारताच्या बाहेरच होतीं. त्यांची सुटका १७ सप्टेंबर १९४८ रोजीं झाली. पुढें १९४९ मध्यें घटना-समितीनें धर्मावर आधारलेल्या राखीव जागा रद्द केल्या, तेव्हां समितीचे ख्रिस्ती उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी यांनीं त्या निर्णयाला पाठिंबा दिला. राष्ट्राचें कल्याण मागणाऱ्यानें स्वतःचा निराळा वाटा सोडावा, हें त्या प्रार्थनेला शोभणारेंच होतें.

२६ जानेवारी १९५० पासून सिंहासन उरलें नाहीं. राजासाठीं कीं राष्ट्रासाठीं हा जुना प्रश्न तेव्हां मिटल्यासारखा दिसला. वस्तुतः तो प्रार्थना करणाऱ्याच्याच दारीं येऊन उभा राहिला. प्रजासत्ताकांत राज्यकर्ते लोकच निवडतात. त्यांच्या सद्बुद्धीसाठीं हात जोडणारा स्वतःच्या विवेकासाठींही हात जोडीत असतो, आणि देशांत अन्याय घडला तर त्याचा वाटा आपल्याही पदरीं घेणें त्याला भाग पडतें. बाबेलच्या बंदिवासांत दानीएलानें उच्चारलेला ‘आम्ही’ हा शब्द म्हणूनच आजही त्या प्रार्थनेंतील सर्वांत कठीण शब्द आहे.