पेपरमिंट: गोळीतलं आणि बाटलीतलं

‘डॉक्टर, बाळाचं नाक चोंदलंय, अमृतधारा लावू का?’ हिवाळा सुरू झाला की हा प्रश्न दवाखान्यात हमखास येतो. त्याचं उत्तर नीट समजायचं असेल, तर आधी पेपरमिंट म्हणजे काय ते पाहायला हवं.

आपल्याकडे पेपरमिंट म्हणजे आधी गोळी. मालेगाव तालुक्यातल्या रावळगावात वालचंद हिराचंद यांनी 1933 मध्ये साखर कारखाना काढला आणि 1942 पासून तिथे गोळ्याही बनू लागल्या. त्या काळापासून कितीतरी घरांत संत्र्याच्या स्वादाची गोळीसुद्धा ‘पेपरमिंट’च म्हटली गेली! (2024 मध्ये हे गोळ्यांचे ब्रँड रिलायन्सने 27 कोटींना घेतले.) खरी पेपरमिंट वनस्पती मात्र आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिली असेल. आपण कुंडीत लावतो आणि चटणीत वाटतो तो पुदिना तिचा चुलतभाऊ. त्याच्या वासात मेंथॉल जवळजवळ नसतं, म्हणून पुदिन्याची चटणी खाऊन घसा गार पडत नाही.

पेपरमिंट हा पाणपुदिना आणि बागेतला पुदिना यांचा संकर. इंग्लंडमध्ये हर्टफर्डशायरला तो सापडला आणि जॉन रे या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1696 मध्ये त्याची नोंद केली. 1721 मध्ये तो लंडनच्या औषधकोशात गेला. पन्नास वर्षांनी, 1771 मध्ये, हॉलंडच्या गाउबियस या वैद्यकाच्या प्राध्यापकाने पेपरमिंटच्या तेलातून पांढरे स्फटिक वेगळे केले. तेच मेंथॉल. काष्ठौषधींच्या दुकानात ‘पुदिन्याचं फूल’ किंवा नुसतं ‘पेपरमिंट’ म्हणून मिळतं ते हेच. त्यात फूल कुठलं नसतंच.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जगातलं बहुतेक मेंथॉल जपानमधून येई. त्याच काळात, 1893 मध्ये, काशीनाधुनी नागेश्वर राव यांनी मुंबईत अमृतांजन सुरू केलं. पुढे 1914 मध्ये ते मद्रासला गेलं, म्हणून आपण त्याला दक्षिणेकडचं समजतो. अमृतधारा आली 1901 मध्ये, लाहोरच्या पंडित ठाकुरदत्त शर्मांकडून. कापूर, ओव्याचं फूल आणि मेंथॉल हे तिन्ही कोरडे पदार्थ एका बाटलीत घालून हलवले की त्यांचं आपोआप पाणी होतं. यात जादू नाही. एकत्र आल्यावर त्यांचा वितळणबिंदू खोलीच्या तापमानाखाली उतरतो, एवढंच. पण पाण्याचा थेंबही न मिसळता तयार झालेला हा द्रव किती तीव्र असतो, हे यावरून लक्षात यावं. 1950च्या दशकात जपानी पुदिना भारतात आणला गेला. आज उत्तर प्रदेशातलं बाराबंकी, बदायूं हे पट्टे जगाला मेंथॉल पुरवतात. म्हणजे आपल्या बामच्या डबीतलं मेंथॉल बहुधा पेपरमिंटचं नसतंच, त्याच्या या जपानी भावंडाचं असतं.

आता गारव्याबद्दल. मेंथॉलने कातडी थंड होत नाही. थंडी ओळखणारं एक ग्राहक प्रथिन आपल्या चेतातंतूंवर असतं, ते मेंथॉलमुळे उघडतं आणि मेंदूला ‘गार लागतंय’ असा निरोप जातो. हे प्रथिन 2002 मध्ये दोन प्रयोगशाळांना स्वतंत्रपणे सापडलं. डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन या त्यांच्या प्रमुखांना 2021 चं नोबेल मिळालं, त्या कामाचा हाही एक भाग. नाकाचंही तसंच आहे. बाम हुंगल्यावर नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, पण हवेचा प्रवाह मोजला तर तो वाढलेला नसतो. मोठ्या माणसाला ही फसवणूक सुखाची वाटते, झोप लागते. माझी त्याला हरकत नाही.

पोटाचं मात्र वेगळं. तिथे पेपरमिंट तेल खरोखर काम करतं, आतड्याचे स्नायू सैल करतं. आयबीएसच्या पोटदुखीत आम्ही त्याच्या कॅप्सूल देतो. त्यांवर जठरात न विरघळणारं आवरण असतं, कारण हेच तेल जठराच्या वरची झडपही सैल करतं आणि जळजळ वाढवतं. तेव्हा आम्लपित्त असणाऱ्यांनी जेवणानंतरची पेपरमिंटची गोळी टाळलेली बरी.

आणि बाळाचं नाक? अमृतधारा नको, बामही नको. तान्ह्या बाळाच्या नाकाशी मेंथॉल गेलं तर त्याचा श्वास अडकू शकतो. कापराचं बामही दोन वर्षांच्या आत लावत नाहीत. नाक चोंदलं असेल तर मिठाच्या पाण्याचे, म्हणजे सलाइनचे, नाकात घालायचे थेंब औषधाच्या दुकानात मिळतात, ते पाजण्याआधी घाला. बाळ दूध ओढत नसेल किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, तर लगेच डॉक्टरांकडे न्या. अमृतधारेची बाटली फडताळात वरच्या कप्प्यात ठेवा. रांगत्या मुलाने ती तोंडाला लावली तर त्यातल्या कापराने काही मिनिटांत झटके येऊ शकतात. तसं झालं तर उलटी करवू नका, बाटली सोबत घ्या आणि थेट रुग्णालय गाठा.