आधी निर्णय, मग देव

देवाच्या नावाने झालेल्या अन्यायाचा विषय निघाला की ख्रिस्ती मंडळींत एक उत्तर ठरलेले असते: ते लोक ढोंगी होते, खऱ्या श्रद्धावंताच्या हातून असे घडत नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाबद्दलही हेच सांगितले जाते. राज्यकर्त्यांना गोऱ्यांची सत्ता टिकवायची होती, त्यांनी बायबल वेठीला धरले आणि चर्च त्यांच्यामागे फरफटत गेले, असा हा पूर्वपक्ष. त्यात दोष नेहमी दुसऱ्याच्या पदरात पडतो. पण इतिहासाच्या कसोटीला तो उतरत नाही.

घटनांचा क्रमच पाहावा. केप वसाहतीतल्या डच रिफॉर्म्ड चर्चच्या सिनडने, म्हणजे धर्मसभेने, १८२९ मध्ये निःसंदिग्ध निर्णय दिला होता, की वर्ण किंवा कूळ न पाहता प्रभुभोजन सर्वांना एकत्रच द्यावे. १८५७ च्या सिनडनेही हे तत्त्व नाकारले नाही. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांना मूळ मंडळ्यांतच सामावून घेणे इष्ट आणि शास्त्राला धरून आहे, असे त्या ठरावात मान्य केले आहे. मात्र काही जणांच्या दुर्बलतेमुळे जिथे अडचण येईल तिथे या नव्या ख्रिस्तींची उपासना वेगळ्या जागी चालावी, अशी पुस्ती त्याला जोडली गेली. दुर्बलता होती ती कृष्णवर्णीयांसोबत एका बाकावर बसणे सहन न होणाऱ्या गोऱ्या सभासदांची. शास्त्र काय सांगते हे ठराव करणाऱ्यांना ठाऊक होते. ते ठाऊक असूनही त्यांनी सवलत दिली.

पुढे सवलतीची रूढी झाली. १८८१ मध्ये मिश्रवर्णीयांसाठी वेगळे मिशन चर्चच स्थापन झाले. १९४८ मध्ये नॅशनल पार्टी सत्तेवर आली आणि एकेकाळी याच चर्चचे पाळक असलेले डी. एफ. मलान पंतप्रधान झाले. १९७४ मध्ये सिनडने स्वीकारलेल्या अहवालात बाबेलच्या बुरुजाच्या कथेचा आधार घेऊन वंशांच्या वेगळ्या विकासाचे समर्थन केले गेले. एकेकाळी माणसाची दुर्बलता म्हणून नोंदवलेली गोष्ट आता देवाची योजना ठरली होती. नॅशनल पार्टी सत्तेवर येण्याच्या ९१ वर्षे आधी चर्चने वर्णभेदाला आपल्या घरात जागा दिली होती; मग राजकारणाने चर्चला फरफटत नेले हे म्हणणे कुठे टिकते?

वर्णभेदाचे समर्थन करणारे ढोंगी होते, हेही खरे नाही. त्यांतले कितीतरी जण मनापासून प्रार्थना करणारे होते. नेमके म्हणूनच त्यांना शंका आली नाही. प्रामाणिकपणा हा देवाची इच्छा ओळखल्याचा पुरावा नसतो.

यावर प्रतिपक्ष विचारील, मग देवाच्या नावाने कोणी बोलूच नये का? बोलावे, पण कसे, ते बायर्स नॉदे यांच्याकडे पाहून समजते. तेही याच चर्चचे पाळक, आणि गोऱ्या आफ्रिकानरांच्या ब्रूडरबाँड या गुप्त संघटनेचे सभासद. १९६० मध्ये शार्पव्हिल येथे पोलिसांनी ६९ निदर्शकांना ठार केले, त्यानंतर नॉदे यांनी शास्त्र आपल्याच लोकांविरुद्ध वाचले. १९६३ मध्ये त्यांना व्यासपीठ सोडावे लागले आणि १९७७ पासून सात वर्षे त्यांच्यावर सरकारी निर्बंध राहिले. देवाची आज्ञा त्यांनी स्वतःच्या सोयीविरुद्ध ऐकली आणि तिची किंमत स्वतः मोजली. वर्णभेदाच्या समर्थकांनी ऐकलेली 'आज्ञा' त्यांच्या सोयीची होती आणि तिची किंमत इतरांनी मोजली. १९८२ मध्ये रिफॉर्म्ड चर्चच्या जागतिक संघाने ओटावा येथे वर्णभेदाचे धार्मिक समर्थन पाखंड ठरवले, ते याच कारणाने योग्य होते.

किंमत कोण मोजतो ही कसोटी आपल्यालाही लागू आहे. 'प्रभूने मला दाखवले' असे म्हणून मंडळीत फूट पाडली जाते, मुलीचे ठरत आलेले लग्न मोडले जाते, भावाशी बोलणे टाकले जाते. या एका वाक्याने चर्चा बंद होते, कारण देवाला उलट प्रश्न कोण विचारणार? देवाचे नाव व्यर्थ घेऊ नये ही आज्ञा तोंडातून निघणाऱ्या शिवीपुरती आहे, असे मानणाऱ्यांनी येथे थांबून विचार करावा. आपल्या निर्णयावर देवाची सही ठोकणे हा त्या आज्ञेचा अधिक गंभीर भंग आहे. 'हे मी ठरवले, माझे चुकू शकते' असे म्हणणाऱ्याला निदान कोणी अडवू शकते. श्रद्धेचे पहिले कर्तव्य एवढे तरी आहे.